आदल्या दिवशीची निवडणूक

मँचेस्टरला इतिहासात एम.ए. करायला गेले तेव्हा माझ्या गाइड बाईंनी गृहीत धरलं होतं की मी जातीवर लिहिणार. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. अर्जात मी लिहिलं होतं की मी विदर्भातल्या एका बौद्ध घरातली, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला होता. मी म्हणाले, मला अमेरिकेच्या दक्षिण भागावर लिहायचं आहे. बोलताना माझा आवाज इतका खाली गेला की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. खरं कारण मात्र मी सांगू शकले नाही. मला साक्षीदार व्हायचं नव्हतं, इतिहासकार व्हायचं होतं. स्वतःच्या घराबद्दल लिहिलं की लोक हळहळतात, तपासत नाहीत. मला कुणीतरी तपासायला हवं होतं.

विषय ठरला तो असा: दक्षिणेतल्या एका राज्यातली, एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गव्हर्नरची एक निवडणूक. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत तळघरात मायक्रोफिल्मची यंत्रं होती. दिवसचे दिवस मी तिथे बसून त्या राज्यातली जुनी वर्तमानपत्रं वाचायचे. एक गोऱ्यांचं रोजचं पत्र आणि एक काळ्या लोकांचं साप्ताहिक, अशी दोन माझ्यासमोर होती. दोन्ही एकाच शहरातून निघायची आणि एकमेकांना ओळखत नसल्यासारखी वागायची.

माझा उमेदवार गुरांचा डॉक्टर होता. गोरा, उंच, बोलण्यात गोड. ट्रकवर भोंगा लावून तो गावोगाव फिरायचा आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहून खेड्यांना पक्के रस्ते देईन म्हणायचा. हे रोजच्या पत्रात यायचं. त्याच संध्याकाळी तो एका काळ्या शाळामास्तराबरोबर त्यांच्या चर्चमध्ये जायचा, सगळ्यांशी हात मिळवायचा, तुमच्या मुलांनाही शाळेची बस मिळेल म्हणायचा. हे फक्त साप्ताहिकात यायचं. मतदार यादीत नाव घालायलाच त्या लोकांना इतके अडथळे होते की ज्यांची नावं होती त्यांचं एकेक मत जपून ठेवल्यासारखं होतं. ती मतं मास्तरांनी त्याच्यासाठी गोळा केली.

मी ज्यांच्याकडे राहायचे त्या काकू मूळच्या नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. काका आठवडाभर लंडनजवळच्या रीडिंग गावी असायचे, कॉम्प्युटरच्या कंपनीत. मुलगा शिकायला बाहेर गेला होता, त्याची खोली मला दिली होती. संध्याकाळी काकू पोळ्या करायच्या आणि मी ओट्याला टेकून दिवसभराचं वाचलेलं सांगायचे.

"राज्यपालाची कसली निवडणूक?" काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "राज्यपाल तर दिल्लीहून येते."

"तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री, काकू."

"मग तसं सांग ना."

मी त्यांना सांगितलं की त्या काळी तिथे एकाच पक्षाचं राज्य होतं. नोव्हेंबरात सगळं राज्य मतदान करायचं खरं, पण ते नावापुरतं. खरी निवडणूक उन्हाळ्यात व्हायची, पक्षाच्या आत, उमेदवार कोण हे ठरवताना. तिथे जिंकला तो गव्हर्नर झालाच. त्यात पहिल्या फेरीत कुणालाच पुरेशी मतं मिळाली नाहीत तर वरच्या दोघांची दुसरी फेरी.

"म्हणजे आपल्याकडचं तिकीट," काकू म्हणाल्या. "तिकीट भेटलं की झाला आमदार. मत द्यायले आपण उगाच उन्हात उभे."

मी ते वाक्य त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतलं. मला वाटलं, मला विषय कळला.

दादा मला ट्राममध्ये भेटला. मी फोनवर आईशी बोलत होते, फोन ठेवल्यावर पुढच्या सीटवरून तो वळून हसला. "नागपूरकडच्या ना तुम्ही? 'काय करून राहिली' ऐकलं आणि बरं वाटलं." तो पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, बायको-मुलासह राहणारा. आठवड्याभरात आम्ही एकमेकांना 'तू' म्हणायला लागलो आणि तो माझा दादा झाला. त्याने माझा लॅपटॉप दुरुस्त करून दिला. मला सर्दी झाली तेव्हा त्याच्या बायकोने रस्सम पाठवलं. परदेशात असं कुणी केलं की माणूस पटकन विरघळतो. मी विरघळले.

आमच्या भागात मराठी लोकांनी चालवलेलं एक छोटं मंडळ होतं. संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी. आमची बौद्ध घरं त्यात नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी काकूंनी आणि आणखी काहींनी विचारलं होतं की मंडळाने एप्रिलमधली जयंतीही करावी. तेव्हा उत्तर मिळालं होतं, मंडळ जातीपातीच्या वर आहे. त्यानंतर आमची घरं एका चर्चचा हॉल भाड्याने घेऊन आपली जयंती आपण करायची. काकू हे सांगताना चिडायच्या नाहीत. "त्याईचं ते, आपलं आपण," इतकंच म्हणायच्या.

दादाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने गाडी बाजूला घेतली. खरंच घेतली, रस्त्याकडेला.

"हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "लाज वाटते गं. मंडळ चार घरांचं झालंय. तेच डॉक्टर दरवर्षी ठरवतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. मी या वेळी अध्यक्षपदाला उभा राहतोय. जयंती मंडळाच्या कॅलेंडरमध्ये येणार, पाडव्याइतक्याच मानाने येणार. पण मला माणसं लागतील. तुमची घरं सभासद झाली तर सभेत मतदान होऊ शकतं."

डॉक्टर म्हणजे मंडळाचे संस्थापक, निवृत्त गृहस्थ, सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचे.

मी काकूंशी बोलले. त्या पोळी लाटत राहिल्या.

"त्याले आमच्या घरी जेवायले आण," त्या म्हणाल्या. "मग पाहू."

दादा आला. दारातच हात जोडून "जय भीम, काकू" म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की काका, जे शनिवार असल्यामुळे घरी होते, सोफ्यावरून उठून उभे राहिले. तो पोटभर जेवला, पाटवडीच्या रश्शाची कृती विचारली, हॉलमधल्या तसबिरीसमोर जरा थांबला. जाताना म्हणाला, "एप्रिलला आपण सगळे एका हॉलमध्ये असू. माझा शब्द आहे."

तो गेल्यावर काकू भांडी आवरत होत्या. मी विचारलं, काय वाटलं?

"गोड आहे पोरगा," त्या म्हणाल्या. "तू ओळखतेस ना त्याले नीट?"

"हो, काकू. मी खात्रीने सांगते."

पुढचे काही रविवार मी आमच्या घरांमध्ये फिरले. बहुतेकांनी मला बसवून चहा दिला, आणि नको म्हटलं. सगळ्यांत नाखूश होते ते काकूंच्या पुढच्या गल्लीतले एक गृहस्थ. ते पुण्यात शिकलेले, बँकेत काम करणारे. "मी शिकताना हॉस्टेलवर पुष्कळ दादा पाहिलेत," ते म्हणाले. पण त्यांची बायको, मी तिला वहिनी म्हणायचे, मध्ये पडली. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली. शाळेतल्या दोन मराठी मैत्रिणी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात नाचणार होत्या आणि हिला घरी बसावं लागत होतं. "मलापण डान्स करायचा आहे. माझी फ्रेंड्स सगळे जातो," ती म्हणाली. वहिनीने माझ्याकडे बघून विचारलं, "तुला काय वाटतं? जावं का आम्ही?"

"जावं, वहिनी," मी म्हणाले. "मी आहे ना."

गृहस्थांनी सभासदत्वाच्या अर्जावर सही केली. त्यांनी केली म्हणून बाकीच्यांनी केली. ही माझ्या शब्दाची किंमत होती, आणि ती मला ठाऊक होती. माझ्या आयुष्यात तोवर माझ्या सांगण्यावरून कुणी काही केलेलं नव्हतं.

त्याच दिवसांत तळघरात मी दुसऱ्या फेरीच्या आठवड्यांपर्यंत पोचले होते. विरोधी उमेदवाराला चर्चच्या भेटींची कुणकुण लागली होती. कोर्टाच्या पायऱ्यांवर कुणीतरी गुरांच्या डॉक्टरला सर्वांसमक्ष विचारलं, तुम्ही त्या लोकांच्या चर्चमध्ये जाता हे खरं का? तो अडखळला नाही. म्हणाला की हो, गेलो होतो, तिथल्या रखवालदाराचं खेचर आजारी होतं. रोजच्या पत्राने कंसात लिहिलं होतं की गर्दीत मोठा हशा पिकला. मग त्याने गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्याच राहतील असं वचन दिलं आणि तो निवडून आला. मास्तरांविषयी साप्ताहिकात नंतर एवढीच ओळ होती की ते आता शाळेत नाहीत.

मी ती फिल्म मागेपुढे करून पुन्हा पुन्हा पाहिली. राग येत होता, पण तो परक्या माणसाचा राग होता, अभ्यासाला लागतो तेवढा. घरी येऊन काकूंना खेचराची गोष्ट सांगितली तर त्या हसल्या. मीही हसले.

मंडळाची सभा मार्चच्या सुरुवातीला, एका रविवारी दुपारी, कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये होती. आमची सगळी घरं आली. काकूंनी निळ्या काठाची साडी नेसली होती. बँकेतले गृहस्थ टाय लावून आले होते, जणू मुलाखत आहे. आम्ही मधल्या रांगांत बसलो. दादाने लांबून हात केला आणि पुढे जाऊन डॉक्टरसाहेबांशेजारी बसला. ते मला खटकायला हवं होतं. मला वाटलं, शिष्टाचार असेल.

डॉक्टरसाहेब उभे राहिले. प्रेमळ माणूस, आवाज मऊ. नव्या सभासदांचं त्यांनी मनापासून स्वागत केलं. मग म्हणाले, "आपल्या मंडळाची एक चांगली प्रथा आहे. आपण निवडणूक घेत नाही. निवडणुकीने मनं तुटतात. इच्छुक मंडळी आदल्या दिवशी आमच्याकडे चहाला येतात, बसतात, बोलतात आणि एकमताने ठरतं. कालही तसंच ठरलं. नवे अध्यक्ष बिनविरोध."

आणि त्यांनी दादाचं नाव घेतलं.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, जोरात. आपण जिंकलो असं वाटून वहिनी माझ्याकडे बघून हसली. शेजारी काकूंचे हात मांडीवरच होते.

दादाने वर्षाचं कॅलेंडर वाचून दाखवलं. पाडवा, महाराष्ट्र दिन, उन्हाळी सहल, गणपती, दिवाळी, संक्रांत. मला वाटलं, पान उलटायचं राहिलं असेल. त्याने घडी घालून कागद खिशात ठेवला.

काकू उठल्या. त्यांना हॉलमध्ये बोलायची सवय नव्हती, पण लॅबमध्ये रिपोर्ट वाचतात तशा स्पष्ट बोलल्या.

"एप्रिलची जयंती राहून गेली वाटते."

"नमस्कार, काकू," दादा म्हणाला. तेच हसू. "फार छान सूचना आहे. आपण सगळ्यांना सामावून घेणारं मंडळ आहोत. असं करू, पाडव्याच्या कार्यक्रमातच सगळ्या थोर पुरुषांचं एकत्र स्मरण करू. कसं? वेगवेगळं काढत बसलो तर वर्षाचे दिवस पुरायचे नाहीत."

"तुम्ही आमच्या घरी येऊन वेगळं बोलले होते."

दादाचं हसू तसंच होतं.

"काकू, तुमच्या घरी मी काय बोललो ते मलाच आठवत नाही. पाटवडीचा रस्सा इतका झणझणीत होता की मी फक्त पाणी मागत होतो."

हशा पिकला. मोठा, मोकळा, कुणाच्याही मनात वाईट नसलेला हशा. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून काकूंकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाली, "आम्हालाही बोलवा हो कधी."

काकू खाली बसल्या. हा हशा मी आधी ऐकला होता, तळघरात, कंसात छापलेला.

कार पार्कमध्ये दादा मला गाठायला धावत आला.

"चिडलीस ना? साहजिक आहे. पण ऐक तर. आधी आत तर शिरू दे. त्यांची एकच अट होती, या वर्षी जयंतीचा विषय नको. पुढच्या वर्षी बघू ना."

"मग आम्हाला सभासद कशाला केलंत?" मी विचारलं. मी त्याला 'तुम्ही' म्हणाले, ते माझ्याही नंतर लक्षात आलं.

"अगं, तुमची घरं आली म्हणून तर डॉक्टर बोलायला तयार झाले. नाहीतर त्यांनी मला चहाला बोलावलंच नसतं."

हे त्याने आभार मानल्यासारखं सांगितलं. त्याला खरंच वाटत होतं की हे ऐकून मला बरं वाटेल. मग म्हणाला, "थंडी आहे, चल, तुला आणि काकूंना सोडतो."

काकू तोवर ट्राम स्टॉपकडे चालू लागल्या होत्या. मी त्यांच्यामागे गेले. त्या वाटेवर मला कळलं की मी काय केलं होतं. खरी निवडणूक आधीच, आत, थोड्या लोकांत होते आणि बाहेरची फक्त शिक्का मारायला असते, यावर मी एक अख्खं प्रकरण लिहीत होते. काकूंनी तर ते पोळ्या लाटता लाटता एका वाक्यात सांगितलं होतं. आणि तरी मी माणसं गोळा केली ती सभेसाठी, शिक्का मारायच्या दिवसासाठी. चहाला कोण बसतं हे मी एकदाही विचारलं नाही. आमच्या घरातल्या कुणालाच तशा चहाला कधी बोलावलेलं नव्हतं, म्हणून असा चहा असतो हेच आम्हाला सुचलं नाही.

काकूंनी मला दोष दिला नाही. त्या संध्याकाळी पोळ्याही नेहमीसारख्या केल्या. फक्त लायब्ररीत आज काय वाचलं ते पुढचे काही दिवस विचारलं नाही.

मी ते प्रकरण रागात लिहून काढलं. गाइड बाईंनी ते वाचून चष्मा काढला. त्या म्हणाल्या, तुमचा उमेदवार खोटारडा होता हे पटलं. पण तुम्ही लिहिता की काळे मतदार फसले, त्यांचा त्याच्यावर विश्वास होता. याला आधार काय? मी साप्ताहिकातल्या गर्दीच्या बातम्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, गर्दी म्हणजे विश्वास नव्हे. त्यांनी मला अगदी हवं तसं तपासलं होतं.

घरी येऊन मी काकूंना सरळ विचारलं, "तुमचा दादावर विश्वास होता?"

त्या निवडत होत्या त्या मेथीवरून त्यांनी नजर उचलली नाही.

"त्याच्यावर? नाही," त्या म्हणाल्या. "जय भीम म्हणणारे लय पाहिले. आम्ही तुझ्यावर ठेवला होता."

इतके दिवस मी स्वतःला फसवली गेलेली समजत होते. ते खोटं नव्हतं. पण त्याला कुणी दार उघडलं असतं का, मी पुढे नसते तर? माझा चेहरा, माझं शिक्षण, माझं 'मी आहे ना', हे घेऊन तो आमच्या घरांत आला होता आणि तेच दाखवून डॉक्टरांच्या घरात शिरला होता. माझ्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती, माझा शब्द, आणि ती त्याने माझ्या नकळत खर्च केली. प्रबंधातलं 'काळे मतदार फसले' हे वाक्य मी खोडलं. त्याच्या जागी काय लिहावं ते मला बरेच दिवस सुचलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा घरोघर गेले. कुणी बोलावलं नव्हतं. काकू म्हणाल्या, मी येऊ का सोबत? मी नको म्हणाले.

बँकेतल्या गृहस्थांनी दार उघडलं. बसवलं, पाणी दिलं. मी सांगायला सुरुवात केली, सभेच्या आदल्या दिवशी काय झालं, कार पार्कमध्ये तो काय म्हणाला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"आम्ही होतोच की तिथे," ते म्हणाले. "तुला वाटलं आम्हाला कळलं नाही?"

टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, ते बघू लागले. वरच्या खोलीतून गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकू येत होती आणि पावलांनी छत हलत होतं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"पाडव्याच्या नाचाची प्रॅक्टिस आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज करते शाळेतून आल्यावर. हे म्हणतात, नाव काढून टाक, त्या हॉलमध्ये पाऊल ठेवायचं नाही. ती म्हणते, मी काय केलं? पहिल्या रांगेत घेतलंय तिला." वरच्या पावलांचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. "तू सांग. राहू द्यायचं की काढायचं?"

गृहस्थांनी टीव्हीचा आवाज कमी केला. तेही वाट बघत होते.

"मला माहीत नाही, वहिनी," मी म्हणाले.

तिने मान हलवली, जणू तिने हेच अपेक्षिलं होतं, आणि मुलीला खाली बोलवायला जिन्याकडे गेली.